एका बाजूने उघडलं तरी पुरतं

धानोरा, १२ जून २०२५

ललितभाऊ,

व्हॉट्सॲपवर मी चार ओळी लिहिल्या की तू नुसता अंगठा पाठवतोस आणि तो अंगठा बघून माझं डोकं फिरतं, म्हणून हे पत्र मेलवर लिहिते आहे. वहिनीचं पत्र आहे, पूर्ण वाच. मग काय रागवायचं ते रागव.

आधीच सांगते, मी काही मागत नाहीये. कळवते आहे. यंदा कानबाई आपल्या घरी बसणार आहे. तिकडे फिनलंडमध्ये राहून विसरला असशील तर आठवण करून देते, नागपंचमीनंतरचा रविवार. म्हणजे तीन ऑगस्ट. सगळी भावकी आपल्या अंगणात जमेल, आणि धानोऱ्यात आजवर आपल्या घरची कानबाई कशासाठी ओळखली जाते हे तुला सांगायला नको. आईंच्या गाण्यांसाठी. संध्याकाळी दिवा लागल्यापासून आई जी सुरू करायच्या, ती देवीला नदीवर नेईपर्यंत एक गाणं दुसऱ्यांदा यायचं नाही.

आईंना हिवाळ्यात झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली, हे तुला माहीत आहे. दर रविवारी तू माझ्या फोनवर त्यांच्याशी बोलायचास. मग त्या बोलेनाशा झाल्या आणि तुझा फोनही बंद झाला. त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण त्यांना ऐकू सगळं येतं, समजतंही सगळं, हे तू एकदा डोक्यात घे.

तर झालं असं की परवा सिंधुबाई आल्या होत्या. तुझ्या चुलतकाकू, त्यांचा स्वभाव तुला ठाऊक. म्हणाल्या, रंजनाबाई आता गात नाहीत तर यंदा डीजे लावून टाकू, पोरंही खूश होतील. मी चहा गाळत होते. तिथूनच म्हणाले की डीजे लागणार नाही, आईंची सगळी गाणी होतील, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मी म्हणेन. बोलून गेले. आता चार बायकांनी ऐकलंय आणि गावभर झालंय.

खरी गोष्ट अशी की मला प्रत्येक गाण्याच्या पहिल्या दोन-चार ओळी येतात. पुढचं आई म्हणायच्या, आम्ही नुसत्या मागे ओढायचो. गाणी पूर्ण कुठे आहेत ते तुला माहीत आहे आणि मलाही. तू कॉलेजात असताना मित्राचा कॅमेरा आणून आईंना पडवीत बसवून भरलेल्या त्या चौदा कॅसेटींत. जाताना तू त्या घेऊन गेलास.

मागत नाहीये. कळवलं.

तुझी मोहिनीवहिनी


धानोरा, २० जून

ललितभाऊ,

तुझं उत्तर आलं. त्यात माझं नाव नाही, आईंची विचारपूस नाही, नुसती एक लिंक आणि खाली तीन ओळी. तरी तू पाठवलंस, हे मी मनात धरलं आहे.

तू लिहिलंस की चौदाही कॅसेटी तू कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आहेत, सगळं मिळून दोनशे जीबीच्या आसपास, आणि यातलं एकही गाणं तू कुठल्याही कंपनीच्या जागेवर चढवणार नाहीस. तुझ्या मशीनमधून सरळ माझ्या मशीनमध्ये, मधे कुणी नाही, या पद्धतीने घेता आलं तर घे. डिस्क कुरियरने टाक म्हणावं, तर कस्टमवाले महिना लावतात. ठीक आहे. तू असं का म्हणतोस ते मला कळतं. एकच गाणं तू हौसेने इंटरनेटवर टाकलंस, ते कुणा मिक्सिंगवाल्याने उचललं, त्याखाली ढोल लावले आणि खांडबाऱ्याच्या एका वरातीत यांनी, तुझ्या दादांनी, आपल्या आईचा आवाज नाचणाऱ्या पोरांच्या पायात ऐकला. त्या दिवशी घरी येऊन ते सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "मायना आवाज बजारमा मांडा तू." ते वाक्य तुला लागलं. लागण्यासारखंच होतं. पण त्यांनाही काय लागलं होतं ते तू पाहिलं नाहीस. यावर मी पुन्हा लिहिणार नाही, माझं काम कानबाईपुरतं आहे.

आता कामाचं. तू सांगितलेलं सॉफ्टवेअर मी माझ्या सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर घातलं. केंद्र आपल्याच पुढच्या खोलीत आहे, पीकविम्याचे अर्ज, सातबारे, सगळं मीच करते, तुला काय वाटलं मला कुणाला बोलवावं लागेल? लिंक लावली. तुझं मशीन यादीत दिसतं. समोर लिहून येतं, जोडतो आहे. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, आणि खाली शून्य टक्के.

तुझी बाजू बघून घे. माझ्याकडे सगळं नीट आहे.

मोहिनीवहिनी


धानोरा, २९ जून

ललितभाऊ,

तू लिहिलंस, राउटरचा पोर्ट उघड. एवढंच. शिकवायचं तर नीट शिकवावं. शेवटी मीच शिकले, आणि बरोबर शिकले की नाही ते तू पुढे वाचून बघ.

राउटर म्हणजे घराचं फाटक. आतून कुणी बाहेर जायला निघालं तर ते अडवत नाही, आणि त्याचं उत्तर घेऊन कुणी परत आलं तर त्यालाही आत घेतं. पण बाहेरून कुणी आपणहून आला, की घरातल्या कुणाला भेटायचंय हे फाटकाला ठाऊक नसतं, म्हणून ते त्याला परत पाठवतं. एरवी हे चांगलंच आहे. पण तुझ्या फायली कुठल्या कंपनीकडे नाहीत, तुझ्या घरात आहेत. मी तुझ्या फाटकावर येते, ते मला परत पाठवतं. तू माझ्या फाटकावर येतोस, तेही तेच करतं. दोघं आपापल्या घरात बसून हाक मारतोय आणि दोघांची फाटकं बंद. पोर्ट उघडायचा म्हणजे फाटकाला सांगून ठेवायचं, या नंबरावर कुणी आलं तर त्याला पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे सोड.

हे कळल्यावर माझा पहिला विचार काय झाला तोही सांगते. मी म्हटलं, मीच का? गेला कोण घर सोडून? त्याने उघडावं. तसं तुला लिहिणारही होते. मग पुढे वाचलं की दोघांनी उघडायची गरज नसते, एकाने उघडलं तरी पुरतं. आणि तू भाड्याच्या घरात राहतोस, राउटर घरमालकाचा, तो तुला हात लावू देत नाही, हे तू आधीच लिहिलं होतंस. म्हणजे माझ्याशिवाय कुणी नाही.

तर उघडला. राउटरच्या पानावर जाऊन नंबर घातला, कॉम्प्युटरचा घरातला नंबर घातला, सेव्ह केलं. तरीही शून्य. मग केबलवाल्या गोकुळला बोलावलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, "वैनी, पुरा गावले बाहेरथून एकच नंबर शे. तुमले येगळा लागी." म्हणजे माझ्या फाटकाच्या पुढे गोकुळचं गावाचं फाटक आहे, आणि तू तिथूनच परत जात होतास. त्याला म्हटलं, मग दे वेगळा. तो म्हणाला, असा नंबर धानोऱ्यात अजून कुणी मागितलेला नाही. मी म्हटलं, मग पहिली मी.

आज दुपारी त्याने नंबर लावून दिला. मी समोर बसूनच होते. जोडतो आहे, जोडतो आहे, आणि मग जोडला. आकडा हलला. ललितभाऊ, सात पीकविम्यावाले बाहेर बसले होते, मी त्यांना म्हटलं थांबा जरा, आणि त्या आकड्याकडे बघत बसले.

दादांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं मी केंद्राचं काम करते.

वहिनी


धानोरा, ३ जुलै

ललित,

हा काय खेळ आहे? एक दिवस आकडा वाढला, दुसऱ्या दिवसापासून ठप्प. दोन दिवसांत मी सगळं तपासलं. पोर्ट उघडा आहे, गोकुळचा नंबर आहे, सॉफ्टवेअर चालू आहे. राहिला कोण? तू.

द्यायचं नसेल तर तसं लिही. मी अंगणात उभी राहून सिंधुबाईंना सांगेन की जमलं नाही, माझी मान खाली गेली तर माझी जाईल. पण थोडं देऊन हात मागे घ्यायचा, हे आपल्या घरात कुणी केलेलं नाही.

मोहिनी


धानोरा, ८ जुलै

ललितभाऊ,

तू लिहिलंस की तुझं मशीन एक क्षणही बंद नव्हतं. हो. नव्हतं. कळलं मला. माफी वगैरे मी लिहिणार नाही, काय झालं होतं ते लिहिते, तेवढ्यावर भागव.

फाटकाला मी सांगून ठेवलं होतं की येणाऱ्याला अमुक नंबरच्या मशीनकडे सोड. पण घरातल्या मशीनना हे नंबर राउटर स्वतः वाटतो. लाईट जाऊन आली की वाटणी नव्याने होते. आणि आपल्याकडे लाईट गेली नाही तरी जाते, कारण तुझे दादा रोज झोपताना मेन स्विच पाडतात. मागच्या वर्षी एका रात्री व्होल्टेज वाढून विहिरीची मोटर आणि फ्रीज दोन्ही एकदम जळाले, तेव्हापासूनची ही सवय. पहाटे गोठ्यात जाताना स्विच वर करतात. मोटरी चोरीला जायला लागल्या तेव्हा आपण गोठ्यात कॅमेरा बसवला, तो लगेच जागा होतो आणि पहिला नंबर तोच घेऊन टाकतो. कॉम्प्युटर मी नऊला लावते. तोवर त्याचा नंबर गेलेला असतो.

थोडक्यात, तू फिनलंडहून आमच्या दारात येत होतास, फाटक उघडत होतं, आणि तुला रोज गोठ्यात नेऊन म्हशीसमोर उभं करत होतं. म्हैस काय सांगणार. हस आता.

मी राउटरमध्ये कॉम्प्युटरचा नंबर कायमचा बांधून टाकला आहे, आता तो दुसऱ्या कुणाला जाणार नाही. आकडा पुन्हा हलतो आहे. पण रात्रभर मेन स्विच बंद, दिवसा लोडशेडिंग. या चालीने कानबाई नदीवर जाईल आणि आपलं निम्मंही उतरणार नाही. आणि मला नुसतं उतरवायचं नाही, शिकायचंही आहे.

मेन स्विच पाडू नका असं त्यांना सांगायचं तर का ते सांगावं लागेल. मी विचार करते आहे.

वहिनी


धानोरा, १३ जुलै

ललितभाऊ,

सांगितलं.

दादांना जेवताना सांगितलं, भाकरी वाढता वाढता, म्हणजे उठून जाता येत नाही. म्हटलं, आईंची गाणी ललितभाऊ पाठवतोय. त्याच्या घरातून सरळ आपल्या घरात येतायत, मधे कुणी नाही, दुसऱ्या कुणाच्या हाती लागायची सोय नाही. रात्री स्विच पाडला की थांबतात. एवढंच बोलले आणि भाकरी तव्यावर टाकली. तुझं नाव या घरात पाच वर्षांनी मोठ्याने निघालं होतं. आई खाटेवरून दोघांकडे बघत होत्या.

ते जेवत राहिले. कढी मागितली. मग हात धुताना पाठमोरे म्हणाले, "कितला दिन लागतीन?" मी म्हटलं, स्विच नाही पाडला तर वीसेक तारखेपर्यंत. हात पुसले आणि शेतात गेले.

मला वाटलं संपलं, रात्री पाडणारच. पण संध्याकाळी परत आले तेव्हा हातात फवारणीचा पंप. पाठीवरचा, बॅटरीवाला. ओट्यावर बसून खालचं झाकण खोललं, आतली बॅटरी काढली, आणि पुढच्या खोलीत येऊन मला विचारलं, राउटर कोणता. मी दाखवला. त्यांनी पाठीवरचं लिहिलेलं वाचलं, बारा व्होल्ट. बॅटरीवरही बारा. कुठूनशी पिन कापून आणली होती, ती जोडली, चिकटपट्टी लावली, आणि राउटरचे दिवे लागले. मला म्हणाले, "लाईट जावो का ऱ्हावो, आते हाई बंद पडाव नही."

कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहेच. रात्री त्यांनी मोटरचा आणि फ्रीजचा खटका तेवढा वेगळा पाडला.

मला त्या माणसाचा किती अभिमान वाटला, तुला सांगून पटणार नाही. तू त्यांना अडाणी म्हणाला होतास जाताना. मी विसरलेले नाही, तेही विसरलेले नाहीत. तरी बॅटरी लावली.

वहिनी


धानोरा, २४ जुलै

ललितभाऊ,

शंभर टक्के. चौदाच्या चौदा.

पहिली फाईल मी लावली तेव्हा केंद्र बंद करून दार लोटून घेतलं होतं. पडवी दिसली, त्यावेळचा निळा रंग, आई पाटावर, आणि कॅमेऱ्यामागून तुझा आवाज, आई इकडे बघ. आणि आई तुला रागावतायत की देवीचं म्हणताना तुझ्याकडे कशाला बघू. मी रडले. लपवत नाही. मग तोंड धुतलं आणि वही घेऊन बसले.

आता रोज दुपारी आईंच्या खाटेजवळ बसून म्हणते. पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवरून त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला, तर त्यांनी डोळे मिटून घेतले, मला वाटलं त्रास होतोय म्हणून बंद केलं. तर उजव्या हाताने खाटेच्या पट्टीवर टिचकी मारली. लाव. तेव्हापासून ती टिचकी माझी मास्तर झाली आहे. मी ओळ चुकले की टिचकी. चाल घसरली की टिचकी. काल कानबाईला न्हाऊ घालायचं गाणं मी सलग म्हटलं, शेवटपर्यंत टिचकी आली नाही. म्हणून त्यांच्याकडे पाहिलं तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या, जसं काही विशेष घडलंच नाही. तोंडावर कौतुक करायचं नाही ही त्यांची जुनी रीत. मला पुरलं.

कॅसेटींच्या शेवटी तू एक छोटी फाईल टाकली आहेस, ती मी पाहिली. बाळ तुझ्यासारखंच कपाळ घेऊन आलंय. मला तू आधी कळवायला हवं होतंस, याचा हिशेब नंतर करू. दादांना मी सांगितलेलं नाही. ते माझ्या तोंडून कळू नये, तुझ्या तोंडून कळावं. आईंना मात्र दाखवलं. काय केलं त्यांनी ते तुला फोनवर सांगेन, तू फोन केलास तर. त्या बोलणार नाहीत, तू बोल. ऐकण्यात त्या कुठे कमी आहेत?

वहिनी


धानोरा, ५ ऑगस्ट

ललितभाऊ,

काल कानबाई नदीवर पोचवून आलो. माझा आवाज बसलाय, म्हणून बरं की हे लिहायचंय.

आधी शनिवारचं सांगते. देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू भरायचे होते. भावकीतले सगळे ओसरीवर बसले होते, मधे सूप, आणि तुझे दादा घरातले मोठे म्हणून भरायला बसले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. पाच वर्षांत आपल्या घरी रोट झाले नव्हते, त्यामुळे तुझं नाव ते घेतात की नाही हे बघायला सगळे टपलेले. सिंधुबाई तर पुढे सरकून बसल्या होत्या. दादांनी आधी स्वतःचं नाव घेतलं, मूठ टाकली. मग म्हणाले, ललित. मूठ टाकली, वर पावही मोजून टाकला. आवाज नेहमीचा. सिंधुबाई मागे सरकल्या.

मी उठायला लागले, तर त्यांनी पुन्हा गव्हात हात घातला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "त्याना पोऱ्यानं नाव काय शे?"

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, देवीची शपथ. पण पहाटे म्हशीचं दूध काढून आल्यावर ते पुढच्या खोलीत बसतात हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं गाणी ऐकत असतील. फाईल लावायला त्यांना कुणी शिकवलं ते मी विचारलं नाही. सगळ्यांसमोर मी नाव सांगितलं, इंद्रसिंग, गोकुळ असं आपल्याकडचं नव्हे, ते तुमचं फिनलंडचं, मला नीट उच्चारता येत नाही. दादांना तर मुळीच आलं नाही. दोनदा प्रयत्न केला, मग म्हणाले, ललितचा पोरगा, आणि सव्वा मूठ टाकली. यंदा सुपात एक नाव जास्त होतं आणि ते टाकणारे तुझे दादा होते, हे तू तुझ्या बायकोला नीट समजावून सांग.

रविवारी गाणी झाली. सगळी. मी पुढे, बाकीच्या मागे, आणि आईंची खाट ओसरीवर देवीसमोर आणून ठेवली होती. दोन ठिकाणी टिचकी आली, आणि दोन्ही वेळा बायका हसल्या आणि मीही. पहाटेपर्यंत एक गाणं दुसऱ्यांदा आलं नाही. सिंधुबाईंनी मला शेवटी पाणी आणून दिलं. तांब्या स्वतः भरून आणला. मी ताठ मानेने प्यायले, खोटं कशाला सांगू.

रोट तुला पाठवता येणार नाहीत. ते घराबाहेर द्यायचे नसतात, हे तुला माहीत आहे. तुमच्या दोघांच्या वाटचे घरात आहेत. पौर्णिमेपर्यंत खायचे असतात, तोवर तू पोचत नाहीस, म्हणून आम्ही वाटून खाऊ. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू.

एक राहिलं. काम झालं म्हणून मी आज सकाळी राउटरमधला पोर्ट बंद करायला बसले होते. उघडा ठेवण्यात धोका असतो असं मीच वाचलं होतं. दादा दारात उभे होते. म्हणाले, राहू दे. मी म्हटलं, चौदाही आल्या, आता काही यायचं नाही. ते म्हणाले, त्याला काही पाठवायचं असलं तर? मग मी राहू दिला.

कपाशीवर मावा पडलाय, फवारणी जोरात चालू आहे. मला वाटलं आता दादा पंपासाठी राउटरची बॅटरी काढून नेतील. काढली नाही. काल शेजारच्या नवलसिंगच्या घरून त्याचा पंप मागून आणलाय.

मोहिनीवहिनी